नव्या डांबरावर जुनी सायकल: ४७ दिवसांची वही

रोजचा रस्ता ६.४ किलोमीटरचा. त्यातले ४.१ किलोमीटर खरवडून नव्यानं डांबरीकरण होणार, अशी पाटी लागली. सायकल जुनी, लोखंडी सांगाड्याची, रिम ब्रेकची (म्हणजे चाकाच्या कडीवर, रिमवर, पॅड दाबून थांबणारी), टायर २८ मिमी. मी ६१ किलो, सायकल १४, पिशवी ४. काम चालू असताना आणि झाल्यावर सायकलीत नेमकं काय बदलावं लागतं, हे कुणी सरळ लिहिलेलं सापडेना, म्हणून ही वही. खर्च वेळेत आणि खराब झालेल्या सामानात मोजला आहे.

दिवस १

जुन्या रस्त्याचं मोजमाप आधी हवं, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? वाटेत एक लहान उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी सपाट रस्ता. वर खडूची रेघ मारली. पुढचं चाक रेघेवर ठेवायचं, पाय उचलायचे, पायडल मारायचं नाही, आणि सायकल थांबेल तिथं दुसरी रेघ ओढायची. पाच वेळा केलं, नेहमीसारखं कडेनं. हवा ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पंपाच्या काट्याप्रमाणे. (हे ‘काट्याप्रमाणे’ पुढं महागात पडलं.)

आकडे ७१ मीटरपासून ९८ मीटरपर्यंत आले. एवढ्या फरकातून काहीच कळत नाही. दुपारचा वारा होता आणि मी एकदा वाकून, एकदा ताठ बसले होते. अख्खी दुपार वाया.

दिवस २

पहाटे गेले. हॅंडलला कागदाची पट्टी बांधली. निघण्याआधी ती वाऱ्यानं हलली तर मोजणी रद्द. दर खेपेला कोपर वाकवून एकाच ठेवणीत बसले. पाच खेपा ८४ ते ८८ मीटरमध्ये आल्या, सरासरी ८६. हा आकडा धरला.

दिवस ५

खरवडकाम सुरू. यंत्राच्या फिरत्या ढोलावर दात असतात, त्यांनी जुन्या थराचं वरचं काही काढून नेलं आणि मागं रस्त्याच्या दिशेनंच जाणाऱ्या बारीक चऱ्या उरल्या. दोन चऱ्यांमधलं अंतर दीडेक सेंटिमीटर. २८ मिमीचा टायर त्यात अडकत नाही, पण स्वतःच्या मनानं चालतो. हॅंडल मी धरलंय, सायकल भलतीकडे जातेय असं वाटत राहतं. पहिल्या शंभर मीटरमध्ये दोनदा पाय टेकवला.

चूक अशी की घाबरून हॅंडल घट्ट आवळलं. सैल सोडलं तेव्हा पुढचं चाक थोडं डुलत डुलत आपली वाट काढू लागलं. चरीतून बाहेर यायचं तर हळूच तिरकं होऊन उपयोग नाही, कारण टायर चरीच्या काठाला घासत राहतो. आधी वेग कमी करून, मोठ्या कोनात एकदम बाहेर यावं.

हवा ५५ वर आणली. हादरे खूप कमी झाले. हवा भरलेला टायर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये मुलाच्या तिचाकीला धक्के बसू नयेत म्हणून केला होता, हे अशा रस्त्यावर पटतं. २४ मिनिटांच्या वाटेला आज ३८ लागली.

दिवस ८

पंक्चर, मागचं चाक. ट्यूब काढली, पॅच लावला, २५ मिनिटं.

दिवस ९

पुन्हा पंक्चर, मागचंच. पॅच सुटला असं समजून नवीन लावला.

दिवस ११

तिसऱ्यांदा. आता मात्र बसून नीट पाहिलं. भोक परवाच्या पॅचपासून बोटभर अंतरावर, म्हणजे काटा टायरमध्येच होता आणि मी दोनदा त्याच्यावर पॅच लावलेली ट्यूब बसवली. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, तो एका जागी अडकला. चिमट्यानं ओढल्यावर बारीक, चपटी पोलादी तार निघाली, नखाएवढी. खरवडल्यानंतर रस्ता झाडणाऱ्या यंत्राच्या ब्रशातून या तारा तुटून पडतात. वाहनं आणि ब्रश मिळून त्या कडेला लोटतात, आणि मीही कडेनंच जाते.

तेव्हापासून ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करते. मग ट्यूबवरचं भोक टायरवर नेमकं कुठं येतं ते सापडतं. एवढी एक खूण दिवस ८ ला केली असती तर दोन पॅच आणि सव्वा तास वाचला असता. बोटानं मात्र चाचपू नये, कापूसच वापरावा. बोटाला लागलेल्या तारेची नोंद वेगळी करत नाही.

दिवस १२

आजची चूक या वहीतली सगळ्यात चिकट.

सकाळी रस्त्यावर तपकिरी पाणी मारलेलं दिसलं. धूळ बसवायला मारलं असेल म्हणून त्यातून गेले, चाळीसेक मीटर. ते पाणी नव्हतं. नवा थर जुन्याला धरून राहावा म्हणून मारतात ते डांबराचं इमल्शन होतं. पाण्यात डांबराचे सूक्ष्म थेंब असतात तोवर ते तपकिरी दिसतं, पाणी निघून गेलं की काळं होतं. तपकिरी म्हणजे ओलं. काळं झाल्यावरही ते चिकटच असतं, कारण ते चिकटण्यासाठीच मारलेलं असतं.

पुढच्या दोनशे मीटरमध्ये टायरनं रस्त्यावरची सगळी कच गोळा केली. मडगार्डात खडे अडकून मागचं चाक फिरेना. सायकल उचलून फुटपाथवर आणली आणि काडीनं खरवडत बसले.

घरी साफसफाईला रॉकेल घेतलं. दोन मिनिटांत आठवलं की रॉकेलनं रबर फुगतं आणि सैल पडतं, तेव्हा लगेच पुसून काढलं. मग खाद्यतेल: फडक्यानं लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, डांबर मऊ होऊन निघतं. हे उत्तम चाललं, आणि त्याच उत्साहात मी रिमही तेलानं पुसल्या. ब्रेक काढून ठेवायचं सुचलंच नाही. तेल पॅडला लागलं आणि संध्याकाळी पहिल्याच वळणावर ब्रेक दाबल्यावर काहीही झालं नाही. वेग बेताचा होता म्हणून पाय घासून थांबले.

बरोबर क्रम असा निघाला: ब्रेक पॅड सोडवून बाजूला ठेवायचे. टायर, रिम आणि मडगार्डचं डांबर तेलानं काढायचं. भांड्याच्या साबणानं आणि गरम पाण्यानं रिम दोनदा धुवायची. कोरडी झाल्यावर बारीक पॉलिश पेपर रिमवर हलक्या हातानं फिरवायचा. पॅडचा वरचा थरही पॉलिश पेपरनं काढायचा, मग बसवायचे. माझे पॅड तेल प्यायले होते, मागची जोडी फेकावी लागली. एकूण दोन तास चाळीस मिनिटं. इमल्शनच्या वेळी सायकल हातात धरून बाजूच्या गल्लीतून गेले असते तर सात मिनिटं लागली असती.

दिवस १३

डांबर पडताना पाऊण तास उभी राहून पाहिलं. पेव्हरमधून (डांबर पसरवणाऱ्या यंत्रातून) पडणारं मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास असतं आणि ते ऐंशी-नव्वदला येण्याआधी रोलरचं काम व्हावं लागतं. त्यानंतर कितीही फिरवा, दबत नाही. मोकळा ५ सेंटिमीटरचा थर दाबून साधारण ४ चा होतो. पट्ट्याच्या मध्यावर रोलर फिरतो तेव्हा मिश्रण दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. अगदी कडेला मात्र त्याला आधार नसतो, ते बाहेर सरकतं, आणि कड थंडही आधी होते. तेव्हा हे नुसतं पाहिलं, त्याचा अर्थ लागायला आणखी दोन आठवडे गेले.

दुपारी नव्या रस्त्याच्या टोकाशी सायकल बाजूच्या स्टॅंडवर लावून पाणी प्यायला गेले. परत आले तर स्टॅंड डांबरात रुतलेला आणि सायकल आडवी. बेल वाकली. आता पिशवीत तळहाताएवढी फळी असते, स्टॅंडखाली ठेवायला.

दिवस १५

संपूर्ण रस्ता खुला. १९ मिनिटं! साखळीचा आवाज ऐकू येतो हे मला माहीतच नव्हतं. नेहमीच्या ताकदीत वरचा गिअर चालतो. सकाळी मी अक्षरशः गुणगुणत गेले.

संध्याकाळी त्याच तोऱ्यात परतताना एका चेंबरमध्ये आदळले. रस्ता वर आला, झाकण जुन्याच उंचीवर राहिलं, आणि काळ्यावर काळं असल्यामुळं दिसलं नाही. जुन्या रस्त्यावर मी इथून सावकाश जायचे म्हणून हे चेंबर माहीत असण्याची गरजच पडली नव्हती. मागची ट्यूब दोन समांतर चिरांनी फाटली. हवा कमी असताना रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटली की अशा जोडचिरा पडतात. चाक आऊट झालं, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलू लागलं. खरवडलेल्या रस्त्यासाठी ५५ वर आणलेली हवा परत भरायची राहून गेली होती.

चार किलोमीटर सायकल ढकलत आणली.

दिवस १६

चाकाचा आऊट काढला. सायकल उलटी करून ब्रेक पॅडचा आधार धरला: रिम ज्या बाजूच्या पॅडला घासते, तिच्या विरुद्ध बाजूचे आरे कसायचे, घासणाऱ्या बाजूचे सैल सोडायचे, एका वेळी पाव फेरा. पहिला तासभर मी उलटं करत होते. आऱ्याची निप्पल (आरा रिमला धरणारी फिरकी) रिमच्या बाजूनं पाहिली तर नेहमीच्या स्क्रूसारखीच कसते, पण मी ती हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, बाजूनं पाहत होते, म्हणून उजवं-डावं उलटलं. आऊट वाढत गेला तेव्हा कुठं शंका आली. निप्पलवर खडूचा ठिपका ठेवून एक पूर्ण फेरा फिरवला, दिशा पक्की केली, मग चाळीस मिनिटांत काम झालं. एक मिमीचा आऊट राहिला, तो राहू दिला. अनुभव नसेल तर पहिल्या खेपेला इथंच थांबावं. शेवटचा मिमी काढण्याच्या नादात आऱ्यांचा ताण बिघडतो.

दिवस १९

पहाटे सरळ पट्टी आणि मोजपट्टी घेऊन पूर्ण ४.१ किलोमीटर पायी चालले. झाकणं आणि जाळ्या मिळून ३१. प्रत्येकावर पट्टी आडवी टाकून खोली मोजली. सर्वांत खोल ४३ मिमी, दिवस १५ चं माझं ३८. तीन जाळ्यांच्या सळ्या रस्त्याच्या दिशेनं आहेत, फटीत माझा टायर आरामात उतरेल. त्यांवर वहीत फुली.

३१ पैकी २३ कडेच्या पहिल्या मीटरमध्ये आहेत. त्यात नवल नाही. पाणी कडेकडे उतरतं, म्हणून गटाराची तोंडं तिथंच असणार. पण याचा अर्थ असा की नवा झाला तो मधला रस्ता. मी चालवते त्या मीटरमध्ये झाकणं, जाळ्या, तारा, कच आणि न दबलेली कड, सगळं एकत्र आलेलं आहे.

खोल झाकणांभोवती पिवळ्या खडूनं गोल काढले. काम पाहणारे मुकादम येऊन म्हणाले, “ताई, काय चाललंय?” वही दाखवली. ते म्हणाले, “चेंबर उचलायची टोळी वेगळी असते, ती नंतर येते.” कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी वहीच्या पानाचा फोटो काढून घेतला. चांगल्या रस्त्यांसाठी सायकलवाल्यांनी आरडाओरडा करणं तसं जुनंच आहे. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन या संघटनेनं मोटारी यायच्या आधीच पक्क्या रस्त्यांसाठी मोहीम चालवली होती. मी आपली एक खडू घेऊन.

दिवस २२

नव्या रस्त्यावर उताराचं मोजमाप, कडेनं, ७५ पीएसआय, पहाट, पट्टी स्थिर. सरासरी ९३ मीटर. जुन्या रस्त्यावर ८६. फक्त सात मीटर? पायाला तर केवढा फरक जाणवतोय.

आधी हवेवर संशय गेला. मैत्रिणीकडून वेगळा प्रेशर गेज आणला. माझा पंप ७५ दाखवतो तेव्हा तो ६६ दाखवतो. मग लक्षात आलं की पंप कशालाच जोडलेला नसतानाही त्याचा काटा शून्याच्या वर उभा असतो. मी ते रोज पाहत होते. म्हणजे या वहीतले आजवरचे सगळे हवेचे आकडे ९ नं जास्त. दिवस ५ चे ५५ खरे ४६ होते. २८ मिमीच्या टायरला आणि माझ्या वजनाला ते फारच कमी, दिवस १५ ला ट्यूब चिमटली ती उगाच नाही.

तुलना मात्र बिघडली नाही, कारण दोन्ही वेळा एकाच चुकीच्या काट्यानं भरली होती. एक खबरदारी: पहाटे आणि दुपारी एकाच हवेनं मोजू नये. तापमान १० अंशांनी उतरलं की ६० पीएसआयचे अडीचेक पीएसआय आपोआप कमी होतात.

दिवस २६

रात्री परतताना नव्या गतिरोधकावरून उडाले. पडले नाही. गतिरोधक बांधून झाला होता, पट्टे अजून मारले नव्हते. नवं डांबर दिव्याचा उजेड गिळतं. जुना करडा रस्ता जो प्रकाश परत द्यायचा तो हा देत नाही, त्यामुळं बॅटरी उतरली असावी असं वाटून मी ती दोनदा चार्ज केली होती. दिवा बोटभर खाली झुकवला. तिरका पडलेला उजेड उंचवट्याची सावली दाखवतो. पट्टे येईपर्यंत रात्री वेग १५ च्या वर नेणार नाही.

दिवस ३०

पट्टे आले, आणि लगेच पाऊसही.

हे पट्टे साध्या रंगाचे नसतात. दोनशेच्या आसपास अंशांवर वितळवलेलं थर्मोप्लास्टिक ओततात, त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, त्यांनीच ते रात्री चमकतात. कोरडे असताना छान. ओल्यात झेब्रावर वळताना मागचं चाक हातभर सरकलं. नव्या डांबरावरही ओल्यात पकड कमीच लागते, खड्यांवरचं डांबराचं आवरण वाहनांनी झिजेपर्यंत तसंच राहणार. ब्रेक पट्ट्याच्या अलीकडे मारून संपवायचा, पट्टा सायकल सरळ ठेवून ओलांडायचा, मग वळायचं. जुन्या चौकात मी उलटं करायचे आणि चालून जायचं.

दिवस ३४

चेंबरवाली टोळी येऊन गेली. खडूचे गोल असलेल्या १७ पैकी १४ झाकणं उचलली. त्यांतली चार आता रस्त्याच्याही वर आली आहेत, सर्वांत उंच १२ मिमी. खड्ड्यापेक्षा उंचवटा परवडला, निदान दिसतो तरी. तीन जाळ्यांपैकी दोन आडव्या फिरवल्या. त्या पानाचा उपयोग झाला की ते तसंही होणारच होतं, सांगता येत नाही.

दिवस ३६

३२ मिमीचे टायर बसवले. पुढच्या मडगार्डला घासत होते, मडगार्डचा पत्रा दोन मिमी वर घेतला. उत्साहात त्याच दिवशी कडेऐवजी रस्त्याच्या आतून, कडेपासून सव्वा मीटरवरून मोजमाप केलं. ११० मीटर! आनंद अर्धा मिनिट टिकला. टायरही बदलला, जागाही बदलली, आता श्रेय कुणाला द्यायचं?

दिवस ३७ ते ३९

तीन पहाटा. जुने टायर परत चढवून आतून मोजलं, मग नवे चढवून कडेनं. टायर काढ-घालीलाच दोन तास.

२८ मिमी, खरे ६६: कडेनं ९३, आतून १०८.
३२ मिमी, खरे ६०: कडेनं ९९, आतून ११०.

टायरनं कडेला सहा मीटर दिले, आतल्या बाजूला दोनच. जागेनं जुन्या टायरवर पंधरा दिले, नव्यावर अकरा. दिवस १३ ला कडेचं मिश्रण बाहेर सरकताना पाहिलं होतं ते हेच. गुडघे टेकून पाहिलं तर कडेचा पृष्ठभाग उघडा, खरखरीत, खड्यांच्या मधे भोकं. सव्वा मीटर आत तोच रस्ता घट्ट आणि बंद.

दिवस ४०

आतून चालवायला सुरुवात. पहिले दोन दिवस मागून हॉर्न. तिसऱ्या दिवसापासून कमी, किंवा माझा कान सरावला. हॅंडलला आरसा लावला, तो या ४७ दिवसांतला सगळ्यात उपयोगी भाग ठरला. आतून जाताना एकच गोष्ट सांभाळायची: पेव्हरच्या दोन पट्ट्यांचा सांधा. आमच्याकडे तो सहा-सात मिमीची पायरी ठेवून गेला आहे आणि मैलभर सोबत चालतो. त्याच्यावर किंवा त्याला चिकटून चालवू नये. ओलांडायचा तर मोठ्या कोनात, चऱ्यांसारखाच.

दिवस ४७

सध्याची जुळणी: ३२ मिमी, पुढं ५०, मागं ६०, दुसऱ्या गेजनं. दिवा झुकवलेला. पिशवीत फळी, कापूस, चिमटा, खडू. वाट २० मिनिटांची. दिवस १५ च्या १९ ला पुन्हा शिवले नाही आणि शिवायचंही नाही.

हिशोब: ट्यूब १, पॅच ३, ब्रेक पॅडची जोडी १, वाकलेली बेल १, वाया गेलेले तास मोजून सव्वाअकरा. त्यातले चारेक तास इमल्शन आणि आऱ्यांचे.

राहिलेलं: तीन खोल झाकणं आणि एक जाळी तशीच आहे. मागचे नवे पॅड ओल्यात किंचाळतात. पुढचं टोक रिमला जरा आधी टेकेल असे तिरके करून पाहिले, एका दिवसात आवाज परत आला. शनिवारी रिम पुन्हा साबणानं धुऊन बघते.